टर्बो इंजिन दुसऱ्यांदा बसलं, गाडी गॅरेजमध्ये अडकली

प्रश्न : लातूरच्या एका वाचकाने टर्बो पेट्रोल इंजिनची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. आधीच्या मालकाने ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे सेटिंग, बदलून ताकद वाढवलेली होती. इंजिन बसल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या एका गॅरेजने २,२०,००० रुपयांत फुल इंजिन काम करायचं ठरवलं : सिलिंडरचा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज बोअर, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंडिंग, नवे बेरिंग, टर्बोचं नवं कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग). पिस्टन-रिंग सेट वाचकाने स्वतः ३८,००० रुपयांना ऑनलाइन मागवून दिला. १,६०,००० रुपये दिले (१,१०,००० यूपीआयने, ५०,००० रोख), ६०,००० बाकी ठेवून गाडी ताब्यात घेतली. ७४० किलोमीटरवर मांजरसुंब्याच्या पुढे, नेकनूरजवळ ऑइलचा दिवा लागला आणि इंजिनमधून ठोके येऊ लागले. वाचकाने पाच-सहा किलोमीटर तशीच चालवून ढाब्यावर थांबवली आणि टोचन करून गॅरेजला परत नेली. आता गॅरेज म्हणतं, "तुम्ही ताणली, मॅप बदललेला आहे, शिवाय स्वस्तात करा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं." जुने ६०,००० आणि इंजिन खोलायचे २५,००० दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही, रोजचं पार्किंगही लागेल, असं त्यांचं म्हणणं आहे. पक्कं बिल नाही. एस्टिमेटच्या कागदावर खाली "कामाची गॅरंटी नाही" असं लिहिलेलं आहे. काय करावं? आणि दरम्यान दुसऱ्या गाडीचं वापरलेलं इंजिन आणून बसवू का?

उत्तर : गाडीचं मॉडेल मुद्दाम गाळलं आहे. लातुरात अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत, नाव छापलं की मालक ओळखला जाईल.

तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तुमच्या फाइलमध्ये नाही, गॅरेजच्या रॅम्पवर उभ्या असलेल्या गाडीत आहे. इंजिन कशामुळे गेलं हे बेरिंगच्या शेलवर (अर्धगोल पट्ट्यांवर), क्रँकवर आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी साचलेल्या चुऱ्यात उमटलेलं असतं. एकदा कोणी एकट्याने ते खोललं, शेल पुसले, तेल ओतून दिलं, की पुढे कोणत्याही आयोगात फक्त तुमचं म्हणणं विरुद्ध त्यांचं म्हणणं उरतं. ग्राहक आयोगात सेवेतली त्रुटी सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते. म्हणून पैशांचा वाद चार दिवस बाजूला ठेवा आणि आजच एक नोटीस पाठवा : स्पीड पोस्टने पोचपावतीसह, आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही. वकील नसला तरी चालेल. मजकूर असा ठेवा :

"माझ्या गाडीचे इंजिन सध्या तुमच्या ताब्यात आहे. त्यातील तेल, ऑइल फिल्टर, चेंबर, टर्बो, ऑइल कूलर व इंजिनचा कोणताही भाग माझ्या लेखी संमतीशिवाय उघडू, बदलू अथवा साफ करू नये. इंजिन दि. … रोजी सकाळी ११ वाजता तटस्थ तज्ज्ञ, तुमचा प्रतिनिधी व माझ्या उपस्थितीत उघडण्यात येईल. ही तारीख गैरसोयीची असल्यास सात दिवसांत दुसरी तारीख लेखी कळवावी. मागील कामात बदललेले सर्व जुने भाग, सुट्या भागांची व मशीन शॉपची बिले त्या वेळी हजर ठेवावीत."

आधी स्वतः जाऊन इंजिन नंबर, चेसिस नंबर, किलोमीटर आणि डिपस्टिक यांचे फोटो घ्या.

तज्ज्ञ म्हणून दुसऱ्या गॅरेजचा मिस्त्री नेऊ नका. तो कितीही जाणकार असला तरी समोरचा त्याला धंद्यातला स्पर्धक म्हणून उडवून लावतो. विम्याची मोटर सर्व्हे करणारा परवानाधारक सर्व्हेअर, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मेकॅनिकल विभागातले प्राध्यापक चालतील. महाविद्यालयाला लेखी विनंती करा आणि फी पावतीवर भरा. गॅरेजने सहकार्य नाकारलं तर ती नकाराची चिठ्ठी किंवा गप्प राहणंही तुमच्या उपयोगी पडतं. मग तक्रारीसोबतच तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज करा.

पाहणीत काय बघायचं, ते तज्ज्ञाला आधीच लेखी द्या. अहवालात नुसतं "इंजिन सीझ झाले" आलं तर त्याचा काही उपयोग नाही. पहिलं तेल. चेंबरच्या बोल्टमधून काढलेल्या तेलाच्या दोन बाटल्या भरायच्या, दोघांच्या सह्यांनी सील करायच्या, एक त्यांची, एक तुमची. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद पसरून फोटो घ्यायचा. मग चेंबर उतरवून पिकअपची (तेल ओढणाऱ्या नळीची) जाळी, आणि त्यानंतर एकेक बेरिंग कॅप. प्रत्येक शेल कोणत्या नंबरच्या जर्नलचा (क्रँकच्या बेरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचा), वरचा की खालचा, हे मार्करने लिहूनच फोटो काढायचा. शेलच्या पाठीवर साइज कोरलेली असते, तिचा जवळून फोटो हवाच. क्रँक ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड केलेला आणि शेलवर स्टँडर्डचा, म्हणजे मूळ मापाचा, शिक्का असेल, तर निम्मी केस तिथेच उभी राहते. जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजायचं आणि आकडे कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून लिहायचे. छोट्या पेट्रोल इंजिनात बेरिंगची फट साधारण ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर असते. इतक्या फटीत अंदाजाने बसवलेलं बेरिंग टिकत नाही.

आता खुणांवरून जबाबदारी कशी ठरते ते सांगतो, कारण तुमची सगळी केस यावर उभी आहे. सगळ्याच शेलवर गोलाकार चरे आणि मऊ थरात रुतलेले चकाकते कण असतील, तर तेलातून कचरा फिरला. टर्बो इंजिनच्या स्वस्त कामात हे फार होतं. पहिल्यांदा बेरिंग गेलं तेव्हा धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये, टर्बोच्या ऑइल फीड पाइपमध्ये आणि ब्लॉकच्या ऑइल गॅलरीत (तेलाच्या आतल्या वाटांत) जाऊन बसतो. ऑइल कूलरच्या आतल्या बारीक पट्ट्या धुऊन खात्रीने साफ होत नाहीत, तो बदलावाच लागतो. क्रँक ग्राइंड केल्यावर त्याच्या ऑइल होलचे प्लग काढून आतला घासलेला चुरा बाहेर काढला नाही, तरी हेच होतं. जुना ऑइल कूलर तसाच लावलेला सापडला तर तो दोष कामाचा आहे, तुमच्या चालवण्याचा नाही.

जर्नल निळं-काळं पडलेलं आणि शेलवरचा मऊ थर पुसल्यासारखा सरकलेला असेल, तर तेल पोहोचलं नाही. पिकअपची जाळी तुंबलेली, तिची ओ-रिंग (रबरी सील) नसलेली किंवा झिजलेला ऑइल पंप परत लावलेला, ही नेहमीची कारणं. एकच शेल फिरलेला आणि त्याची पाठ घासून गुळगुळीत झालेली असेल, तर साइज किंवा बोल्टची कसण चुकली. अनेक टर्बो इंजिनांत कनेक्टिंग रॉड आणि हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ठरलेल्या टॉर्कनंतर (कसण्याच्या जोरानंतर) अंशाच्या मापाने फिरवून ते ताणले जातात. तुमच्या इंजिनाला मॅन्युअलने तसे बोल्ट सांगितले असतील, तर गॅरेजने नवे बोल्ट घेतल्याचं बिल दाखवावं.

आणि तुमच्या विरुद्ध जाणारी खूणही ओळखून ठेवा. पिस्टनवर रिंगच्या खाचेची कड तुटलेली, पिस्टनच्या डोक्यावर आणि स्पार्क प्लगवर वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे, रॉडच्या फक्त वरच्या शेलवर जास्त मार, हे दिसलं तर सिलिंडरमध्ये पेट्रोलचा अनियंत्रित स्फोट (नॉकिंग) होत होता, म्हणजे मॅपकडे किंवा पेट्रोलकडे बोट जातं. पिस्टन तुम्ही आणून दिले आहेत. ते निकृष्ट निघाले तर तो वाद विकणाऱ्याशी आहे, गॅरेजशी नाही. अहवाल येईपर्यंत त्या विक्रेत्याला केसमध्ये ओढू नका.

"स्वस्तात करा म्हणून तुम्हीच सांगितलं" या बचावाला घाबरू नका, पण तो हलक्यातही घेऊ नका. कमी बजेट मान्य करणारा कारागीर भागांची यादी छोटी करू शकतो, पण हाती घेतलेल्या कामातलं कौशल्य कमी करायची मोकळीक त्याला मिळत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे, आणि ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं त्यात स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. ऑइल कूलर बदलला नाही तर इंजिन पुन्हा जाऊ शकतं, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का? सांगितल्यावर "राहू द्या" असं तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असेल, तर तुमची केस बरीच कमजोर होते. ते चॅट आधी स्वतः नीट वाचा. एस्टिमेटवरच्या "गॅरंटी नाही" या ओळीने निष्काळजीपणा माफ होत नाही. पक्कं बिल न देणं हीच कलम २(४७) खाली अनुचित व्यापार प्रथा आहे.

मॅप लपवू नका. इंजिन उघडलं आणि ईसीयू वाचला की तो बाहेर येतोच, आणि लपवल्याचं आयोगाच्या लक्षात आलं की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. तक्रारीत सरळ लिहा की मॅप आधीपासून होता आणि काम घेताना गॅरेजला तो माहीत होता, तसं असेल तर. दिवा लागल्यावर चालवलेले पाच-सहा किलोमीटर ही तुमची दुसरी कमकुवत बाजू. नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणातून तुमच्यावरही येते, त्यामुळे भरपाईत थोडी कपात होऊ शकते. दिवा लागण्याआधीच बेरिंग गेलेलं होतं का, यावर तज्ज्ञाचं मत मागा.

आता गाडी अडकवण्याबद्दल. करार कायदा, १८७२ च्या कलम १७० खाली, ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलं त्याला त्या कामाची रास्त मजुरी मिळेपर्यंत वस्तू रोखून ठेवता येते. गॅरेजचा हा हक्क खरा आहे. पण त्याला हद्द आहे. कलम १७१ चा सर्वसाधारण धारणाधिकार बँकेसारख्या मोजक्यांना आहे, गॅरेजला नाही. पहिल्या कामानंतर त्यांनी बाकी ठेवून गाडी तुमच्या हाती दिली, तेव्हाच त्या ६०,००० साठी रोखून धरायचा हक्क संपला. तक्रारीसाठी गाडी परत आली म्हणून तो पुन्हा जिवंत होत नाही, असं तुमचं म्हणणं मांडा. इंजिन अजून उघडलंच नसेल तर २५,००० कशाचे? तुम्ही मान्य न केलेलं पार्किंग, तेही स्वतःच्या वसुलीसाठी रोखलेल्या गाडीचं, त्यांना लावता येणार नाही. आणि या हक्कात गाडी विकायची मुभा नाही.

गाडी लवकर हवी असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागा, आणि वादातले ६०,००० आयोगात जमा करायची तयारी दाखवा. आयोगाला ही तयारी पटते. गॅरेजलाच पैसे देऊन सुटका करायची झाली तर बँकेतूनच द्या आणि त्याआधी "हरकत नोंदवून, तक्रारीचा हक्क राखून" असा मेसेज पाठवा. पोलिसात विश्वासघाताची फिर्याद करायचा सल्ला कोणी दिला तर वेळ घालवू नका, ते दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील. भाग बदलले किंवा काढून घेतले असतील तर गोष्ट वेगळी. विम्याकडूनही आशा नाही, कारण यांत्रिक बिघाड गाडीच्या पॉलिसीत वगळलेला असतो.

केससाठी संभाजीनगरच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत. कलम ३४(२)(घ) मुळे तुम्ही जिथे राहता तिथल्या, म्हणजे लातूरच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने फी शून्य. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं (कलम ६९). नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही. गॅरेजला जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर १५ दिवस वाढीव मिळतात. त्यानंतरचा जबाब घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलं आहे. निकालाला कायद्यात ३ महिने, तपासणी लागली तर ५ महिने आहेत, प्रत्यक्षात जास्त धरून चला. गॅरेज अपिलात गेलं तर आदेशातल्या रकमेचा अर्धा भाग आधी भरावा लागतो.

मागणी मोजून करा : दिलेले १,६०,०००, वाया गेलेले पिस्टन, टोचन, तज्ज्ञाची फी, मनस्तापाचे २५,००० आणि खर्च. नव्या इंजिनची किंमत मागितली तर हावरेपणा दिसतो आणि खरी रक्कमही छाटली जाते. ५०,००० रोख दिल्याचा मागमूस आजच उभा करा. "त्या दिवशी दिलेले पन्नास हजार धरून एकूण १,६०,००० झाले ना?" असा मेसेज पाठवा आणि उत्तराची वाट बघा. चॅट, व्हॉइस मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं तर मूळ फोन लागतो.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की दरम्यान दुसऱ्या गाडीचं वापरलेलं इंजिन आणून बसवू का. बसवा, पण संयुक्त पाहणी होऊन अहवाल हातात आल्यावरच, आणि खराब इंजिन भंगारात न देता सील करून घरी ठेवा. दुसरं इंजिन म्हणजे आरसीवरचा इंजिन नंबर बदलला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे लातूर आरटीओची आधी मंजुरी घ्या, ती राहिली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते. ज्या गाडीतून ते इंजिन काढलं तिची आरसीची प्रत आणि विक्रीचं बिल मिळत नसेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी ते घेऊ नका. आणि नव्या इंजिनावर मूळ कंपनीचा मॅप टाकून घ्या.