उंदरांवर प्रयोग करून माणसाच्या बीपीची आनुवंशिक कारणं खरंच कळतात का?

तुम्ही विचारताना लिहिलंय की उंदीर तो उंदीर, माणूस तो माणूस, मग हा खटाटोप कशाला. डिट्टो हेच वाक्य मी मालवणात आमच्या मोठ्या काकांकडून इतकी वर्षं ऐकलंय की राहवलं नाही.

एमफार्मला मी एसएचआर, म्हणजे आपोआप बीपी चढणाऱ्या जातीच्या उंदरांचं बीपी मोजायचो. जपानमधल्या क्योतोच्या ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ साली जगापुढे आणलेली जात, जास्त बीपीवाल्यांचीच आपापसात पैदास करून बनवलेली. पाच-सहा आठवड्यांचे झाले की बीपी आपोआप चढायला लागतं. उंदराला नळीत बसवा, शेपूट गरम करा, पट्टा चढवा. पहिल्या आठवड्याची माझी सगळी रीडिंग फुकट गेली, कारण नवा उंदीर घाबरतो आणि घाबरला की बीपी चढणारच. (काकांचंही डॉक्टरसमोर चढतं, पण ते म्हणतात मशीन बिघडलंय.)

सुट्टीत घरी आलो तर काका पेज, खारातली कैरी आणि भाजलेला खारा बांगडा घेऊन बसलेले. म्हटलं मीठ कमी करा, तर म्हणे, "आमच्या घराण्यातच आसा ता, मीठ सोडून काय होतला?" मग मी डाल यांच्या उंदरांचा विषय काढला. अमेरिकेत लुईस डाल यांनी मिठाने बीपी चढणारे आणि न चढणारे असे दोन वाण वेगळे केले, खारट खाणं दोघांना सारखंच, पण एकाचं बीपी भडकतं आणि दुसऱ्याचं फारसं हलत नाही. पुढे किडन्यांची अदलाबदल केली तर बीपी बरंचसं किडनीच्या मागून गेलं. म्हणजे घराण्यात असेल तर मीठ उलट जास्त सांभाळा ना! काका म्हणाले, "मी काय उंदीर आसंय?" आणि बांगड्याचं डोकं चोखत बसले.

तर वेळ वाया वगैरे अजिबात नाही. उंदरात दोन वाणांचा संकर करून नातवंडांत बीपी जनुकांच्या कुठल्या तुकड्याबरोबर जातं ते बघता येतं, मग तेवढाच तुकडा दुसऱ्या वाणात आणून खात्री करता येते, माणसात हे कोण करू देणार?

हां, उंदरात सापडलेलं जनुक माणसात लागू पडेलच असं नाही. माणसाच्या जनुकसंचात बीपीशी जोडलेल्या हजाराहून जास्त जागा सापडल्यात आणि बहुतेक एकेकीचा वाटा पाऱ्याच्या एक मिलिमीटरएवढाही नाही. काकांना मीठ जनुकांमुळेच बाधतं हे मीही छातीठोक सांगू शकत नाही, पण हे त्यांना कळवू नका.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या हातावरून वारं गेलं, तेव्हापासून काकीने खारातल्या कैरीची बरणी माळ्यावर टाकलीय. परवा फोनवर हळूच विचारत होते, "त्या दुसऱ्या उंदराची किडनी माका बसतली काय रे?"