अहवालात अंडी नाहीत, म्हणजे जंत नाहीत का?

प्रश्न : गाय खंगत चालली आहे, जबड्याखाली सूज आली आहे, तरी शेण तपासणीत ‘अंडी आढळली नाहीत’ असे आले. मग जंत नाहीत असे समजावे का? (एक वाचक, इगतपुरी)

उत्तर : एवढ्यावरून तसे समजू नये. आपल्या भागातील भातखाचरांत आढळणाऱ्या गोगलगायींच्या अंगात लिव्हर फ्लूक या यकृतातील चपट्या कृमीची वाढ होते आणि पुढे बांधावरच्या गवताबरोबर तो जनावराच्या पोटात जातो. नेहमीच्या तपासणीत शेण मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून वर तरंगणारी अंडी पाहिली जातात. या कृमीचे अंडे जड असल्याने ते तळाशीच राहते. म्हणून शेण पाण्यात कालवून, गाळून, खाली बसलेला साका तपासण्याची विनंती डॉक्टरांना आवर्जून करावी.

साक्यात दिसलेले प्रत्येक मोठे, झाकणाचे अंडे मात्र फ्लूकचेच असते असे नाही. कोठीपोटातील कृमीचे अंडे जवळजवळ तसेच, पण रंगहीन असते, तर फ्लूकचे सोनेरी पिवळे असते. मेथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाकल्यास निळ्या पार्श्वभूमीवर ते स्पष्ट उठून दिसते. शिवाय लागणीनंतर अंडी शेणात येण्यास सुमारे 3 महिने लागतात आणि तोवर यकृताची हानी चालूच असते. जबड्याखालील सूज इतर आजारांतही येते, त्यामुळे गाय प्रत्यक्ष तपासून घ्यावी.

प्रश्न : शेळ्यांच्या गोठ्यात पडलेल्या लेंड्या दुसऱ्या दिवशी तपासणीस दिल्या तर चालतील का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : शक्यतो देऊ नयेत. उष्ण हवेत गोलकृमींची अंडी दिवसभरातच उबून अळ्या बाहेर पडू शकतात, आणि जमिनीवरील लेंड्यांत मातीतले निरुपद्रवी कृमी शिरून निदान चुकते. हातमोजा घालून गुदद्वारातून 5 ते 10 ग्रॅम लेंड्या घ्याव्यात आणि लगेच देणे शक्य नसल्यास फ्रिजमध्ये ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. रक्त शोषणाऱ्या हिमाँकस जंताचे अंडे इतर अनेक गोलकृमींच्या अंड्यांसारखेच दिसते, त्यामुळे अहवालाबरोबर शेळीची खालची पापणी उलटून पाहावी. ती फिकट पांढरी असल्यास उपचारास विलंब करू नये.

प्रश्न : कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळासारखे हलणारे दाणे दिसतात. (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : हे बहुधा पट्टकृमीचे तुकडे असावेत. त्याची अंडी तुकड्यातच राहत असल्याने विष्ठेच्या तपासणीत अनेकदा सापडत नाहीत. तुकडाच छोट्या बाटलीत घालून दाखवावा. या कृमीचा प्रसार पिसवांमधून होतो, त्यामुळे जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा. अन्यथा काही आठवड्यांत तुकडे पुन्हा दिसू लागतात.