वाचक विचारतात : मधली जगे गाळून खेळ पूर्ण होतो का?

प्रश्न : कापूस वेचणी आटोपली की धाकटा भाऊ जुन्या टीव्हीगेमवर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घेऊन बसतो आणि मधली जगे (म्हणजे खेळाचे भाग) गाळून थेट आठव्या जगात पोहोचतो. याला खेळ पूर्ण केला म्हणावे का? आणि तो किती वेळात संपवला हे मोजायचे तर घड्याळ कधी थांबवावे?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : अवश्य म्हणावे. १९८५ च्या या खेळात मधली जगे गाळण्याची गुप्त वाट निर्मात्यांनीच ठेवली आहे. ‘एनी पर्सेंट’ प्रकारात, म्हणजे काहीही गाळून खेळ लवकरात लवकर संपवण्याच्या शर्यतीत, तर भिंतीतून आरपार जाण्यासारखे खेळाच्या प्रोग्रॅममधले दोषही चालतात. शेवटच्या किल्ल्यात मारिओचा कुऱ्हाडीला स्पर्श होताच घड्याळ थांबवावे, राजकन्येपर्यंत जाण्याची वाट पाहू नये. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रे, दाखवणाऱ्या आवृत्तीत मात्र पुढची पातळी दर २१ फ्रेमच्या, म्हणजे सुमारे ०.३५ सेकंदाच्या टप्प्यानेच सुरू होते; त्यामुळे पातळीच्या शेवटी असलेल्या झेंड्यापाशी दोन फ्रेम वाचवूनही अनेकदा काहीच हाती लागत नाही, कारण आपण स्टँडवर लवकर पोहोचलो म्हणून एसटी लवकर सुटत नाही. शेवटच्या किल्ल्यात पुढची पातळीच नसल्याने तिथे मात्र एकेक फ्रेम मोजली जाते.