करंजाचं तेल इंजिनाला थेट चालतं का?

प्रश्न असा की वावरातल्या 5 एचपी डिझेल इंजिनात घाण्यावर काढलेलं करंज तेल टाकावं का.

थेट टाकू नका. ते डिझेलच्या दहापट घट्ट असतं. नोझल नीट फवारत नाही, टोकावर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि इंजिन ऑइल जाड होतं. थंडीत तर लवकर सुरूच होणार नाही.

त्याचं बायोडिझेल करा, म्हणजे मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्यानं ते पातळ इंधन बनवा, आणि डिझेलमध्ये ते 20 टक्के मिसळा. आधी तेलाचा आंबटपणा बघा, कारण खरी फसगत इथंच होते. 1 मिली तेल 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घ्या, फिनॉल्फ्थेलिनचे (आंबटपणा संपला की गुलाबी होणारं रसायन) दोन थेंब घाला. लिटर पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा, हे द्रावण गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंबथेंब सोडा. 3 मिलीपेक्षा जास्त लागलं तर ते तेल वापरू नका, सगळा साबणच होईल. जुन्या, ओल्या बियांचं तेल हमखास असंच निघतं.

तेल 110 अंशांवर तापवून पाणी उडवा, 55 पर्यंत निवू द्या आणि विस्तव पूर्ण विझवा. लिटरभर तेलाला 220 मिली मिथेनॉल, त्यात 3.5 ग्रॅम कॉस्टिक सोडा अधिक चाचणीत जितके मिली लागले तितके ग्रॅम; सोडा पूर्ण विरघळला की ते तेलात ओता. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. काम उघड्यावर, हातमोजे घालूनच. झाकण लावून तासभर ढवळा, रात्रभर ठेवा. तळाची काळपट ग्लिसरीन काढा, कोमट पाण्यानं तीनदा धुवा, पुन्हा तापवून वाळवा.

बायोडिझेलनं टाकीतला जुना गाळ सुटतो, म्हणून पहिल्या काही दिवसांतच फिल्टर बदला. रबरी नळी फुगलेली दिसली तर तीही.