नागपुरात एसी, टीव्ही, वॉशिंग मशीन कुठून घ्यावं: मोठी शोरूम, ओळखीचं दुकान की ऑनलाइन?

तुम्ही विचारलं की मनीषनगरला वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, एसी, टीव्ही आणि वॉशिंग मशीन एकदमच घ्यायचंय, बाबा म्हणतात महाल भागातल्या त्यांच्या जुन्या ओळखीच्या दुकानातूनच घे, बायको म्हणते मोठ्या शोरूममध्ये सगळं एका जागी मिळते आणि ईएमआय पण होते, आणि तुम्हाला मोबाइलवर तोच एसी चार हजारांनी स्वस्त दिसून राहिला. आणि शेवटी हेही विचारलं की या मोठ्या शोरूम ऑनलाइनसमोर टिकणार आहेत का.

मी आधी इतवारीत मामाच्या टीव्ही-रेडिओच्या दुकानात बसायचो, मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, एका मोठ्या चेनच्या शोरूममध्ये ७ वर्षं सेल्समन म्हणून फ्लोअरवर उभा होतो, आणि आता एसी बसवायचं आणि दुरुस्तीचं स्वतःचं काम करतो. म्हणजे तिन्हीकडून आलेला माल माझ्या हाताखालून जातो. म्हणून जरा लांब लिहितो, समजून घ्या.

आधी उत्तर सांगून टाकतो. एसी बाबा म्हणतात तिथून घ्या. टीव्ही ऑनलाइन घेतला तरी चालते. वॉशिंग मशीन शोरूममधून, पण भाव करून. मी एकच गोष्ट बघतो, पैसे दिल्यानंतर त्या वस्तूवर माणसाचं किती काम उरते.

एसीचं बघा. खोक्यातून आलेला एसी हा अर्धाच एसी असते, उरलेला अर्धा भिंतीवर तयार होते. तुमचा वरचा मजला आहे, म्हणजे मे महिन्यात ४५ डिग्रीत स्लॅब दिवसभर तापणार आणि रात्री १२ वाजेपर्यंत ती गर्मी खोलीत सोडत राहणार, त्यात भिंत पश्चिमेची असली तर आणखीन. ऑनलाइनवर "१२० ते १५० स्क्वेअर फुटांना दीड टन" असं लिहिलेलं असते ते सगळ्या देशासाठी लिहिलेलं असते, तुमच्या स्लॅबसाठी नाही. जुना दुकानदार पहिलाच प्रश्न विचारतो, भाऊ कितवा माळा आहे, खिडकी कोणीकडे आहे? हा प्रश्न मला आजपर्यंत कोणत्याच ॲपवर दिसला नाही.

मग बसवणं. एसीसोबत तांब्याचा पाइप साधारण ३ मीटर येते, आउटडोअर युनिट गच्चीवर न्यायचं म्हटलं की तो पुरत नाही, मग जास्तीचा पाइप, स्टँड, भिंतीला होल, ड्रेनचा पाइप, वायर, या सगळ्याचे पैसे वेगळे लागतात आणि ते चार हजार तिथंच निघून जातात. पैसे जाऊ द्या हो, पण एप्रिल-मेमध्ये बसवणाऱ्या पोराला दिवसात आठ-नऊ घरं दिलेली असतात, तो बिचारा पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावायला थांबतच नाही, थोडा गॅस सोडून पाइपातली हवा काढतो आणि पुढच्या घरी पळतो. पाइपात हवा आणि ओल राहून जाते, पाइप जोडणारा फ्लेअर नट नीट बसला नसला तर गॅस हळूहळू जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात ग्राहक म्हणतो कंपनीचा माल खराब निघाला. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या नवीन एसींमध्ये माल खराब असलेले फार थोडे असतात, बसवणं खराब असलेलेच जास्त असतात. महालातल्या दुकानदाराचा मेकॅनिक ठरलेला असते, त्यानं घोळ केला तर तुमचे बाबा दुकानात जाऊन बसतील हे दोघांनाही माहीत असते. ही धास्ती फार मोठी गोष्ट आहे, तिला कोणतंच वॉरंटी कार्ड पुरत नाही.

टीव्हीला असं काही नाही. भिंतीला अडकवला की झालं. फक्त मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा, कारण ब्रँडवाले बरेचदा ऑनलाइनची सिरीज वेगळी काढतात आणि दुकानातली वेगळी, नाव जवळपास तेच, पण आत पॅनल, स्पीकर किंवा पोर्ट कमी. त्यामुळे "तिकडे स्वस्त आहे, तुम्ही तेवढ्यात द्या" म्हटलं की शोरूमवाला म्हणतो हे मॉडेलच वेगळं आहे, आणि खूपदा तो खरं बोलत असते. आणि शोरूममध्ये जाऊन नुसता बघणार असाल तर तिथले टीव्ही स्टोअर मोडवर असतात, ब्राइटनेस फुल, फुलपाखरं आणि समुद्राचे व्हिडिओ सुरू. सेल्समनला म्हणा घरचा मोड लावा आणि साधी बातम्यांची वाहिनी लावून दाखवा. तेव्हा फरक कळते.

आता शोरूमच्या आतलं सांगतो, हे बाहेर कोणाला फारसं माहीत नसते. तुम्ही आत गेल्यावर जो पोरगा "या सर" म्हणून पुढे येतो तो बरेचदा शोरूमचा नसतोच, तो एखाद्या ब्रँडचा प्रमोटर असते. पगार ब्रँड देते, टार्गेट ब्रँडचं, इन्सेन्टिव्ह त्या महिन्याच्या फोकस मॉडेलवर, म्हणजे ब्रँडला जे जास्त खपवायचं असते त्यावर. चेनला हे बरं पडते, फ्लोअरवर माणसं दिसतात आणि पगार दुसरा देते. पण ग्राहक ज्यासाठी घरून निघून आला, की चार कंपन्यांच्या मालातून मला काय घ्यावं ते कोणीतरी नीट सांगावं, ते सांगणाराच तिथं राहत नाही. चार प्रमोटर चार दिशांना ओढतात. पोरांचा दोष नाही हो, मी त्यांच्यासोबत डबा खाल्लाय, महिना भरला नाही तर त्यांची नोकरी जाते.

एक प्रसंग सांगतो. काटोलकडचे एक काका संत्र्याचे पैसे आल्यावर फ्रिज घ्यायला आले होते, सोबत मुलगी. प्रमोटरनं त्यांना मोठा डबल डोअर जवळपास घेऊन दिलाच होता. मी नुसतं विचारलं, काका गावात लाइट किती वेळ राहते? ते म्हणाले, "लाइटचं काय सांगू भाऊ, दुपारी गेली का संध्याकाळीच येते, अन् आली तरी दिवा मिणमिणते." घरात माणसं तीन. मी म्हटलं साधा सिंगल डोअर घ्या, डायरेक्ट कूल म्हणजे आत पंखा नसलेला, ज्याच्या बर्फाच्या कप्प्यात थंडी धरून ठेवणारा पॅक येते तो, आणि उरलेल्या पैशातून चांगला स्टॅबिलायझर घ्या. घेतला त्यांनी. संध्याकाळी मॅनेजरनं बोलावून विचारलं, तू ग्राहकाचा माणूस आहे का आपला? बिल अर्ध्याहून खाली आणलं म्हणून. मी तेव्हा काहीच बोललो नाही, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, कारण काकांच्या त्याच मुलीच्या लग्नात वॉशिंग मशीन, मिक्सर आणि टीव्ही आमच्याच शोरूममधून गेला, मलाच विचारत आले होते. पुढे दोन वर्षांनी पगार जास्त झाले म्हणून आम्हा जुन्या पाच जणांना एकामागून एक कमी केलं आणि आमच्या जागी प्रमोटर उभे केले.

तेव्हा मला अमेरिकेतल्या सर्किट सिटीबद्दल माहीत नव्हतं, नंतर वाचलं तर अंगावर काटा आला. १९४९ मध्ये सुरू झालेली कंपनी, एकेकाळी तिकडची सगळ्यात मोठी इलेक्ट्रॉनिक्सची चेन. २००० मध्ये त्यांनी फ्रिज-वॉशिंग मशीनसारखा मोठा माल विकणंच बंद केलं, म्हणजे ज्या वस्तू लोक हात लावून, दार उघडून घेतात त्याच सोडून दिल्या. मार्च २००७ मध्ये ३,४०० सेल्समन एका झटक्यात काढले, कारण काय तर त्यांचे पगार जास्त आहेत, त्या जागी कमी पगाराची नवीन पोरं घ्यायची. जास्त पगार कोणाचा असते? ज्याला माल कळते त्याचाच ना. नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज आणि मार्च २००९ पर्यंत उरलेल्या ५६७ दुकानांना कुलूप. मंदी होती, ॲमेझॉन होतं, वॉलमार्ट स्वस्तात टीव्ही विकत होतं, हे सगळं खरं. पण ज्याच्यासाठी ग्राहक गाडी काढून येते तो माणूस तुम्हीच घरी पाठवला, मग उरला फक्त भाव, आणि भावात तर तुम्ही आधीच हरलेले.

त्याच काळात तिकडचीच दुसरी इलेक्ट्रॉनिक्सची चेन बेस्ट बाय टिकली ती बघण्यासारखी आहे. २०१२ मध्ये लोक म्हणत होते ही आता ॲमेझॉनची शोरूम झाली, लोक इथं बघतात आणि तिकडे घेतात. नवीन सीईओ आले, हुबर्ट जोली. त्यांनी ऑनलाइनचा भाव दाखवा, आम्ही तेवढ्यात देतो असं सुरू केलं, सॅमसंगसारख्या ब्रँडला दुकानातच जागा दिली, दुकानातला स्टॉक ऑनलाइन ऑर्डरसाठी वापरला, आणि माणसांना कमी करण्यापेक्षा शिकवण्यावर भर दिला. घरी येऊन बसवून देणारी, दुरुस्त करणारी गीक स्क्वॉड त्यांनी २००२ मध्येच विकत घेतली होती, ती या वेळी कामी आली. ब्रँडची माणसं तिथंही होती, पण सोबत दुकानाची स्वतःची जाणती माणसंही होती, फरक तिथं पडला.

आपल्याकडचं गणित जरा वेगळं आहे. परदेशी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना आपल्या नियमानुसार स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, त्या फक्त बाजार भरवतात, विकणारा दुसरा असते, आणि फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम आणखी कडक झाले. टाटांची क्रोमा किंवा रिलायन्स डिजिटल यांना तशी अडचण नाही, माल त्यांचा, दुकान त्यांचं, वेबसाइट पण त्यांचीच, सकाळी ऑर्डर केलं तर बर्डीच्या दुकानातून संध्याकाळी घरी येऊ शकते. म्हणून मला नाही वाटत या चेन इतक्यात कुठं जातात. टाटांचं तर नागपूरशी नातं १ जानेवारी १८७७ पासूनचं, त्यांची कापडाची एम्प्रेस मिल त्याच दिवशी सुरू झाली होती, आज त्या जमिनीवर मॉल उभा आहे, माझे आजोबा त्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते म्हणून सांगावंसं वाटलं. पण टिकणं वेगळं आणि कामाचं राहणं वेगळं. ज्या चेन जाणती माणसं ठेवतील त्यांच्याकडे जायला कारण राहील, बाकीच्या नुसती गोडाऊन होतील.

आणि छोट्या स्पेशल दुकानांना कोणी मोडीत काढू नका. कूलरचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी सरला की आपल्याकडे जागोजागी लोखंडी पत्र्याचे कूलर बनायला लागतात, खिडकीचं माप द्या, तुमच्या मापाचा बनवून देतात, पंखा पाहिजे तेवढा मोठा, बाजूच्या पाणी झिरपणाऱ्या ताट्या वाळ्याच्या की लाकडाच्या भुशाच्या ते विचारतात, पंप गेला तर दहा मिनिटात नवीन. शोरूममध्ये चाकावरचे प्लास्टिकचे कूलर छान दिसतात, पण नागपूरच्या हॉलला ते पुरत नाहीत हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. एवढ्या वर्षांत ना चेनला ते गिऱ्हाईक ओढता आलं ना ऑनलाइनला.

वहिनी ईएमआय म्हणतात त्याबद्दल. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे फुकट नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना झिरो टक्के स्कीमबद्दल चाप लावला, कारण व्याज कुठंतरी असतेच. ते व्याज ब्रँड नाहीतर दुकानदार भरते, म्हणजे तुम्हाला रोखीत जी सूट मिळाली असती ती तिकडे जाते, वरून प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डावर केलं तर व्याजावरचा जीएसटी. म्हणून आधी रोखीचा भाव विचारा, तो पक्का झाला की मगच ईएमआयचं नाव काढा, आणि दोन्हीतला फरक बघा. गरज असेल तर जरूर करा, मी पण केलंय. "जीएसटी कमी झाला म्हणून खास ऑफर" असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के सगळीकडेच झालाय, ती कोणाची मेहरबानी नाही.

वॉशिंग मशीनला शोरूम यासाठी म्हटलं की झाकण उघडून, ड्रम बघून, फ्रंट लोडला वाकावं किती लागते ते वहिनींनी किंवा आईनं बघितलेलं बरं. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत जा, तेव्हा टार्गेटची ओढ असते आणि भाव सुटतो. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची असेल तर दुरुस्तीला कंपनीचा माणूस येणार की तिसराच कोणी, एवढं लिहून घ्या.

एसीला मात्र मार्च उजाडू देऊ नका, होळीनंतर मेकॅनिक मिळणं मुश्कील होते. बाबांसोबत महालात जाताना खोलीचं माप, पश्चिमेची भिंत कोणती, आणि आतल्या युनिटपासून बाहेरच्यापर्यंत पाइप किती फूट लागेल हे कागदावर लिहून न्या, आणि बिल करायच्या आधी एवढंच विचारा की बसवायला येणारा व्हॅक्यूम पंप सोबत आणतो का.