सेवा कशासाठी, हे विचारलंस ते बरं केलंस

प्रिय बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. संडे स्कूल, गायन, आजाऱ्यांच्या भेटी सगळं चालू आहे पण आतून कोरडं कोरडं वाटतं, कोणी दखल घेतली नाही की चिडचिड होते, मग हे प्रभूसाठी चाललंय की लोकांसाठी तेच कळेना, असं लिहिलंयस. ती चिडचिड दाबू नकोस हं, दुखतंय कुठे ते तिच्यामुळेच कळतं.

माझंच सांगतो. खूप वर्षांपूर्वी मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, एका कार्यक्रमासाठी महिनाभर राबलो, खुर्च्या लावण्यापासून साऊंडपर्यंत सगळं, आणि शेवटी आभार मानताना नेमकं माझंच नाव राहिलं. पुढचे दोन रविवार उपासनेला गेलो खरा पण कोणाशी धड बोललो नाही. मग एका रात्री बायबलमधला मत्तय 6 उघडला. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन मी स्वतः पोरांकडून पाठ करून घेतलेलं, आणि मला तर अख्ख्या मंडळीला कळायला हवं होतं. फार रडलो त्या रात्री.

त्यानंतर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते योहान 13 ने. येशूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट तुला माहितीच आहे, पण तिसरं वचन आपण घाईत वाचून जातो. आपण देवापासून आलोय आणि देवाकडे जातोय हे येशूला ठाऊक होतं, असं आधी लिहिलंय, आणि मग तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो. आपण कोणाचे आहोत हे पक्कं माहीत होतं म्हणून खाली वाकताना त्याचं काही कमी झालं नाही. आणि तिथे त्याला धरून देणारा यहूदाही होता! तो काय करणार आहे हे माहीत असूनही त्याचे पाय धुतले, तिथून कसलं थँक्यू येणार होतं? मार्क 1 मध्ये पण बघ, तू माझा प्रिय पुत्र ही देवाची वाणी येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आली, तोवर एकही चमत्कार झालेला नव्हता. प्रेम आधी मिळालं, काम नंतर सुरू झालं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो, काम करून करून प्रेम कमवायला बघतो आणि मग थकतो, मग ज्यांच्यासाठी करतो त्यांच्यावरच राग काढतो.

पण म्हणून हेतू शंभर टक्के शुद्ध होईपर्यंत थांबायचं असं नको करूस. आजारी माणूस तोवर वाट बघत पडून राहणार का? पेत्र या शिष्याने येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हटलं होतं, तरी प्रभूने माझ्यावर प्रीती करतोस का एवढंच तीनदा विचारलं आणि आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्या हाती दिली. काम करता करता मन साफ होत जातं, माझं अजून होतंय.

आणि हो, कोणाला वाईट वाटेल म्हणून प्रत्येक गोष्टीला हो म्हणत राहू नकोस, भीतीपोटी केलेलं प्रेमापोटी केल्यासारखं दिसतं फक्त. सगळे तुला शोधताहेत असं शिष्य म्हणाले तरी येशू पहाटेची प्रार्थना करून दुसऱ्या गावांकडे निघाला.

मार्थाची गोष्ट सांगून तुला कोणीतरी गप्प केलं असंही लिहिलंयस, मला ते अजिबात पटलं नाही. लूक 10 मध्ये बहीण येशूच्या पायाशी ऐकत बसलेली असताना तिची कामाची दगदग आहे, कुरकुर आहे, ते खरं. पण योहान 12 काढ, बेथानीतलं जेवण, तिथे मार्था परत वाढतेच आहे, फक्त या वेळी तक्रार नाही. म्हणजे सेवा सोडलीच नाही तिने.

या आठवड्यात एक कर. ज्या आजारी माणसाला भेटायला जायचंय तिथे जा, नेहमीसारखा फोटो ग्रुपवर टाकू नकोस, मलाही सांगू नकोस. जायच्या आधी दहा मिनिटं काहीच न मागता प्रभूजवळ नुसतं बस. मग महिन्याभराने आतून कसं वाटतंय तेवढं कळव, मी रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करतोय.

तुझा,
काका