काढणीनंतर टोमॅटोला बुरशी लागू नये म्हणून बॅक्टेरिया वापरता येतात का?

हो येतात, पण बुरशी लागायच्या आधी, एकदा फळ सडायला लागलं की उपयोग नाही. बॅसिलस सबटिलिस हा बॅक्टेरिया इटुरिन, फेंजायसिन असली द्रव्यं सोडतो त्यानं बुरशीच्या पेशीचं आवरण फाटतं, शिवाय फळावरच्या जखमेत तो आधीच जागा धरून बसतो. खरी गोम जखमेतच आहे भाऊ, आमच्याकडं जालन्यात कॅरेट खच्चून भरतात मग देठाचं टोक शेजारच्या फळात घुसतं आणि उन्हाळ्यात बघता बघता तिथंच पांढरी लव, त्यावर काळे ठिपके. म्हणून देठ काढा, माल सावलीत ठेवा. आणि बॅक्टेरियाचं औषध काढलेल्या मालावर चालतं असं त्याच्या लेबलवर असेल तरच वापरा, पिकावर फवारायचं औषध कालवून त्यात टोमॅटो बुडवू नका.